फुटामागे एक सूत

‘इंजिन चालू स्थितीत आहे’ एवढं एकच वाक्य मला लिहिता येत नव्हतं, कारण ते खोटं होतं.

बाकीचं सोपं होतं. बेळगावातल्या कारखानदारांच्या एका संघटनेनं नवी इमारत बांधली. तिच्या दर्शनी दालनात काचेची पेटी बसवली आणि त्या पेटीत माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, केलेलं वाफेचं छोटं इंजिन ठेवायचं ठरवलं. सोमवारी अकरा वाजता उद्घाटन. संघटनेच्या सेक्रेटरींचा मला निपाणीला फोन आला.

“म्यॅडम, तुम्ही प्रोफेसर. शंभर शब्दांत माहितीचा फलक लिहून द्या. आप्पांना आम्ही ‘लोहशिल्पी’ म्हटलंय, तेवढं राहू दे. लांबीरुंदी टाका. आणि शेवटी ‘इंजिन चालू स्थितीत आहे’ असं घाला. पाहुण्यांवर इम्प्रेशन पडतं.”

मी पिरनवाडीला आप्पांना फोन लावला.

“लोहशिल्पी म्हंजे कोण गं?”

“तुम्हीच.”

“मी तर जन्मभर लाकूड तासलं.”

“आणि चालू स्थितीत आहे असं लिहा म्हणतायत.”

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग आप्पा म्हणाले, “लिही की. काचंतलं कोण चालवून बगतंय?”

तेव्हा मला उमगलं. चाळीस वर्षं ज्या इंजिनाला त्यांनी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, ते द्यायला हा माणूस एका फोनवर कसा तयार झाला, याचं मला नवल वाटत होतं. काचेच्या आत गेल्यावर चालणारं इंजिन आणि न चालणारं इंजिन सारखीच दिसतात. आप्पांना सत्कार नको होता. त्यांना ती काच हवी होती.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघाले. हंगामाच्या दिवसांत निपाणीची हवा तंबाखूनं जड होते. कपड्यांत, पुस्तकांत, दुधाच्या पिशवीतसुद्धा तो वास बसतो. पिरनवाडीत उतरले तरी तो पदराला होता. पण घराच्या मागच्या शेडचं दार ढकललं आणि दुसऱ्याच वासानं त्याला बाजूला सारलं. सागवानाचा भुसा, चपडा लाख विरघळलेलं स्पिरिट, मधमाशीचं मेण. हा वास नाकात गेला की माझं वय पंधरा होतं. त्यात माझा काही इलाज चालत नाही.

आप्पा फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती लाकडाची करावी लागते. ती वाळूत दाबायची, काढून घ्यायची, राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. लोकांना लोखंड दिसतं, लाकूड कुणाला दिसत नाही. आप्पांचे वडील त्याच फाउंड्रीत वाळू चाळायला होते. आप्पा वाळूपासून लाकडापर्यंत आले आणि मी लाकडापासून कागदापर्यंत. शेडच्या भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो तेव्हाही होता, आताही आहे, आणि त्याच्या काचेवरचा भुसा पुसायचं काम तेव्हाही माझंच होतं.

संध्याकाळी आप्पा घरी आले की त्यांच्या अंगाला काकवी जळल्याचा वास यायचा. वाळू घट्ट धरावी म्हणून तीत काकवी घालत आणि मग भट्टीत भाजत. शाळेतल्या मुली म्हणायच्या, तुझ्या घरी रोज गूळ करतात काय गं. मी हो म्हणायचे. फाउंड्री समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

शेडमधल्या फळीवर अजून ती रांग आहे. सागवानी इंजिनं. बोटाएवढं, वितीएवढं, हातभर. फावल्या वेळात आप्पा इंजिनंच करायचे. एखाद्याला दारूचा नाद असतो तसा त्यांना हा होता, फक्त आई म्हणायची की दारू निदान संपते तरी. रांगेत सगळ्यात शेवटी, जुन्या बनियनात गुंडाळलेलं, ते एकच धातूचं. दीड हात लांब, ठेंगणं, दोन्ही बाजूंना तीन-तीन मोठी चाकं. आत तांब्याचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. खऱ्या इंजिनात असतं ते सगळं त्यात आहे. न्यायला माणसंही नाहीत, त्यामुळे वेळेवर पोचायची काळजी नाही.

त्याची सुरुवात गुंजीला झाली. गुंजी आईचं माहेर. सुट्टी लागली की आम्ही लहान रुळांच्या गाडीनं खानापूरच्या पुढं निघायचो. खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यांत यायचे आणि आई पदराचं टोक ओठात ओलं करून ते टिपायची. गुंजीच्या स्टेशनात समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी इंजिन थांबायचं. झाडी इतकी जवळ की वाफ फांद्यांत अडकून राहायची. इंजिन उभं असलं तरी गप्प नसायचं. पोटात काहीतरी टकटक करायचं, कुठून तरी थेंब गळायचे, गरम तेलाचा वास यायचा. मला ते म्हशीसारखं वाटायचं. रवंथ करणारं, कुणाचं काही न ऐकणारं.

एका सुट्टीत आप्पांनी खिशातून सुतळी काढली. एक टोक माझ्या हातात दिलं, चाकाच्या मधोमध धरायला लावलं, आणि दुसऱ्या चाकापर्यंत ताणून गाठ मारली. मग उंचीची गाठ. चिमणीची गाठ. वरून ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

“ओ मास्तर, शर्ट शिवायचा काय इंजिनाला?”

“व्हय,” आप्पा खालूनच म्हणाले. “हात वर करा म्हनावं त्याला.”

ड्रायव्हर इतका हसला की त्यानं उगाचच शिट्टी दिली. प्लॅटफॉर्मवरची कुत्री पळाली. मी सुतळी सोडली नाही. त्या दिवशी मी अठरा गाठी घेऊन घरी आले, आणि आयुष्यात पुढं वाचलेल्या कुठल्याही पुस्तकानं मला तेवढं भरल्यासारखं वाटलं नाही.

गाठींवरून नकाशा मी काढला. खऱ्या फुटाला कागदावर अर्धा इंच. चित्रकलेच्या परीक्षेत मला शाळेकडून बक्षीस मिळालेलं, स्टीलची बारा इंची पट्टी. तिच्यावर मी करकटकाच्या टोकानं ‘नववी ब’ असं कोरलं होतं. ती पट्टी उशाखाली घेऊन झोपायचे म्हटलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून म्हणत नाही. त्याच पट्टीनं मी इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पोलादी पाट्यांवर खुणा केल्या. कुठल्या चाकाचा आस कुठं यायचा त्या जागा. आप्पांनी तिथं भोकं पाडली. चाकं त्यांनी फाउंड्रीत ओतून आणली. चाकांना एकमेकांशी जोडणारे दांडे, ज्यांना रेल्वेत साइड रॉड म्हणतात, ते त्यांनी माझ्याच नकाशावरचे आकडे बघून जाड पत्र्यातून कापले. बॉयलरला तांबं हवं होतं. आईनं न्हाणीतली घागर आणून समोर ठेवली.

“न्या. नाहीतरी पोचा आल्याला हाय.”

“पाणी कशात तापवनार?” आप्पांनी विचारलं.

“तुमच्या इंजिनात.”

त्या दोन वर्षांचे ऋतू मला पावसा-उन्हानं आठवत नाहीत. कानशीच्या आवाजाचे महिने होते, नंतर तांब्याचे सांधे जोडणाऱ्या ब्रेझिंगच्या निळ्या ज्योतीचे, नंतर पॉलिश पेपरचे. पॉलिशच्या दिवसांत जेवताना भाकरीला पितळेची चव यायची.

आणि मग खंडेनवमी आली. त्या दिवशी फाउंड्रीत मशिनं बंद. लेथला झेंडूचे हार, भट्टीला हळदकुंकू, कामगारांची पोरंबाळं नवे कपडे घालून. मालकांना कुणीतरी आप्पांचं इंजिन सांगितलं होतं. आवाराच्या मधोमध टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर लोखंडी पट्ट्यांचे रूळ. आप्पांनी दिवा पेटवला. मालक बोलायला उभे राहिले. ते उद्योगाविषयी बोलले, श्रमाविषयी बोलले, स्वतःच्या वडिलांविषयी तर फारच बोलले. इकडे वाफ तयार झाली. वरची झडप फुसफुसू लागली. मोठ्या माणसाचं भाषण चालू असताना आवाज करायचं धाडस त्या आवारात तेवढ्या एका वस्तूनं केलं.

शेवटी मालक बसले. आप्पांनी वाफेची कळ उघडली.

छक्.

चाक पाव चक्कर फिरलं आणि थांबलं.

आप्पांनी बोटानं ढकललं. पुन्हा एकदा छक्, पुन्हा पाव चक्कर, पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. मालकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. न चाललेल्या इंजिनाला एवढ्या टाळ्या मिळालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. पुढं नोकरीत तसे प्रसंग बरेच आले. टाळ्या थांबल्यावर आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, “माझ्या हातनं चुकलं.”

मला माहीत होतं, पाट्यांवरच्या खुणा कुणी केल्या होत्या. मला वाटलं, आप्पा मला वाचवतायत.

आम्ही त्याविषयी पुन्हा कधी बोललो नाही. त्यांनी इंजिन बनियनात गुंडाळलं. मी चित्रकलेची वही बंद केली आणि कॉलेजात इतिहास घेतला, ज्यात चुकीच्या खुणेनं कुठलं चाक अडत नाही. पुढं रूळ रुंद झाले, वाफेची इंजिनं गेली, गुंजीच्या झाडीत वाफ अडकेनाशी झाली. आई गेली. राहिला तो एक आवाज. एक छक् आणि त्याच्यापुढची शांतता. कुठंही चहाचं आधण उकळून झाकण एकदाच उडालं की मी अजून दुसऱ्यांदा उडायची वाट बघते.

तर त्या रविवारी शेडमध्ये आप्पा स्टुलावर बसले होते आणि बसवंत इंजिनाखाली लाकडी बैठक करत होता. बसवंत शेजारचा, उद्यमबागेत त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. पन्नाशीचा माणूस. आप्पांशी मराठी बोलतो, मशिनशी कन्नड.

“ये. तंबाखू घेऊनच आलीस जनू,” आप्पा नाक मुरडत म्हणाले.

“तुम्ही लोहशिल्पी झालात. आता वास सहन करा.”

“लांबी घ्या आक्का,” बसवंत म्हणाला. “फलकावर पाहिजे म्हणत होते न्हवं.”

मी आप्पांच्या पेटीतून त्यांची दोन फुटी पट्टी उचलली. कडा झिजलेली, आकडे काळे पडलेले. इंजिनाच्या पुढच्या दांडीपासून मागच्यापर्यंत ती पुढं सरकवून मापलं. “साडेसव्वीस इंच.”

“न्हाय. पावणेसत्तावीस,” बसवंत म्हणाला. “बैठक तशीच कापलोय मी.”

“नीट बघ. साडेसव्वीस.”

“आक्का, तुम्ही बुकं वाचता, मी पत्रा कापतो.” त्यानं टेप लावला. पावणेसत्तावीस. मी पट्टी लावली. साडेसव्वीस.

“तुझा टेप लोंबलाय.”

“टेप लोंबला तर माप जास्त दाखवंल, खरं हाय. थांबा.” त्यानं टेप काढून स्टीलची सरळ पट्टी आणली. पावणेसत्तावीस.

“हिकडं आना ती,” आप्पा हसत म्हणाले. “ती माझी श्रिंकेजची पट्टी हाय. तिनं माप घेत्यात व्हय? प्रोफेसर म्हनं.”

हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं, आणि इतिहासात इतकी वर्षं राहून विसरले होते. लोखंडाचा रस थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात मोठी आखलेली असते. तिचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत मोठा, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आप्पांच्या खिशात जन्मभर तीच पट्टी होती. ते तिच्याशिवाय विचारसुद्धा करत नसत.

मी पट्टी परत ठेवायला पेटीत हात घातला. तळाशी कापडात काहीतरी जड लागलं. उलगडलं. चाकं. सहा छोटी चाकं, न झिजलेली. त्याखाली आणखी एक पुडकं. त्याखाली आणखी एक.

“आप्पा, ही कसली?”

“असूंदे ती.”

“तीन सेट आहेत.”

“असूंदे म्हनलं न्हवं.” ते दुसरीकडे बघायला लागले. मग हळूच म्हणाले, “मला वाटलेलं माझीच चाकं वाकडी ओतल्यात. आत पोकळी असंल. म्हनून परत ओतली. मग परत, आनि परत. न्हाय गावलं कुठं चुकलं ते.”

म्हणजे ते मला वाचवत नव्हते. ते खरंच समजत होते की चूक त्यांची. मी त्या शेडमध्ये उभी होते आणि माझ्या हातात माझी चाळीस वर्षं आणि त्यांची अठरा चाकं होती.

त्या पुडक्यांच्याही खाली चकाकणारं काहीतरी होतं. नववी ब.

मला अजून सांगता येत नाही, आधी हात हलला की डोकं. मी माझी पट्टी आप्पांच्या पट्टीवर ठेवली. शून्यावर शून्य जुळवलं. एक इंच, जुळल्यासारखं. तीन इंच, जरा शंका. सहा इंचांवर रेघा शेजारी शेजारी. बाराला माझी पट्टी संपली, आणि आप्पांचा बारा तिच्या बाहेर उभा होता. एक सूत बाहेर.

“आप्पा. दांडे तुम्ही कुठल्या पट्टीनं आखले?”

“कुठल्या म्हंजे? माझ्या.”

“ते ओतलेले नव्हते. पत्र्यातून कापलेले होते.”

“व्हय.”

“कापलेलं लोखंड आकसतं का?”

बसवंतचा हात बैठकीवर थांबला. आप्पांनी दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या, डोळ्यांशी नेल्या, खिडकीकडे धरल्या. ज्या माणसाला पट्टीच्या रेघा अंगठ्यानं चाचपून कळत, तो त्या पुन्हापुन्हा बघत होता.

“चाकांच्या जागा तू आखल्यास. तुझ्या पट्टीनं.”

“हो.”

“आनि दांडं मी आखलं. माझ्या पट्टीनं.” त्यांनी इंजिन उचलून मांडीवर घेतलं, दांड्याची भोकं नखानं चाचपली. “म्हनूनच बसत नव्हतं. मी भोकं किसून बसीवली. मला वाटलं, नवं हाय, घट्ट असनारच.” मग ते एकदम हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. “तुझं बी बरोबर. माझं बी बरोबर. च्यायला, दोन्ही बरोबर म्हनून अडलंय हे.”

“आप्पा, भाषा,” मी म्हटलं.

“लोहशिल्पी हाय मी. चालतंय.”

त्यानंतरचे चार तास मला एका श्वासासारखे आठवतात. बसवंत उठलाच होता. “हौद्री, खरंच की आप्पा, दांडे नवे करूया. पत्रा हाय माझ्याकडं. सेक्रेटरी पाचला टेम्पो घेऊन येतोय, म्हंजे चारपर्यंत झालं पाहिजे.” पत्रा आला. आप्पांनी त्याच्यावर निळा रंग फासला आणि रेघ ओढायची सुई माझ्यासमोर धरली.

“तू मार खुना. तुझ्याच पट्टीनं.”

“मी? मी शेवटची रेघ नववीत ओढली.”

“मग दहावीतली आता वढ.”

मी पट्टी पत्र्यावर दाबून धरली. निळ्या रंगातून सुई गेली की खालचं पोलाद पांढरं चमकतं, ती रेघ केसाएवढी असते. अडीच इंच, आणि अडीच इंच, तीन चाकांमधली दोन अंतरं. जुना दांडा त्यावर ठेवून बघितला. अर्ध्या सुताहून थोडा कमी फरक. एवढ्यावर सगळं अडलं होतं. बसवंत भोकं पाडायला वर्कशॉपला पळाला. तोपर्यंत आम्ही बॉयलरमध्ये पाणी भरलं, पाइपलाइन तपासायच्या हातपंपानं दाब दिला आणि काट्याकडे बघत बसलो. काटा उतरला नाही. आईची घागर अजून धड होती. एका नळीच्या सांध्यातून थेंब आला तो आप्पांनी ग्रीस लावलेला सुती दोरा गुंडाळून बंद केला.

“हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवून बघूया का आधी?” परत आलेल्या बसवंतनं विचारलं.

“हवेवर चालतो त्यो पंप,” आप्पा म्हणाले.

नवे दांडे हातानं, न किसता, पिनांवर सरकले. तो आवाज मी ऐकला. खरं तर आवाज झालाच नाही, तेच ऐकलं. आप्पांनी चाक बोटानं फिरवलं. पाव चक्कर गेली. अर्धी गेली. त्यांनी बोट काढून घेतलं. पुढचं त्यांना वाफेसाठी राखून ठेवायचं होतं.

दिवा पेटवला. स्पिरिटचा गोडसर वास, मग तापलेल्या रंगाचा, मग जुन्या तेलाचा, आणि मी गुंजीला उभी. काटा हलायला लागला तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. सेक्रेटरी आत आले. हातात शाल, मागे दोन हमाल.

“वा, पॉलिश चाललंय वाटतं. म्यॅडम, फलकाचा मजकूर झाला?”

“एका वाक्याची वाट बघतेय.”

“कुठलं वाक्य?”

वरची झडप फुसफुसली. बसवंतनं टेबलावर मांडलेले जुने रूळ एकदा पुसले. आप्पांनी कळीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. भाषण करायला कुणी नव्हतं. सेक्रेटरींनी तोंड उघडलं होतं, पण त्यांना उशीर झाला.

छक्.

पाव चक्कर.

छक्.

तो दुसरा होता. मी तो कधीच ऐकला नव्हता. त्याचा आवाज पहिल्यापेक्षा जरा जाड निघाला. मग तिसरा, चौथा, आणि मग मोजायचं सोडून द्यावं लागलं, कारण इंजिन निघालं होतं. चिमणीतून पाण्याचे थेंब उडाले, पांढरी वाफ सागवानी रांगेवरून गेली, दांडे खालीवर, खालीवर, एखाद्या माणसानं कोपर हलवत घाईनं चालावं तसे. टेबलाच्या टोकाला बसवंतनं ते झेललं, हात भाजला, तरी सोडलं नाही. उलटं फिरवून परत रुळावर ठेवलं. परत आलं. आप्पांनी दोन्ही हातांची ओंजळ धरली, पण ते थांबवलं नाही, नुसतं तिच्यातून जाऊ दिलं.

सेक्रेटरी जरा वेळ खरंच बघत राहिले. मग त्यांना आपलं काम आठवलं. “फार छान. फार छान. आता हे बंद कसं करतात? टेम्पो उभाय.”

“पानी संपू दे,” आप्पा म्हणाले.

“संपल्यावर द्याल न्हवं?”

“इंजिन न्हाय.” आप्पांनी टेबलावरून जुने दोन दांडे उचलले, त्यांच्यावर स्वतःची झिजलेली पट्टी ठेवली, तिच्यावर माझी, आणि ते सगळं त्या जुन्या बनियनात बांधून सेक्रेटरींच्या हातात दिलं. “हे काचंत ठेवा.”

“आप्पा, फ्लेक्स छापून आलाय. इंजिनाचा फोटो आहे त्यावर.”

“मग फोटू हाय की. आनि काय पाहिजे?”

सोमवारी अकरा वाजता तीन फुटी काचेच्या पेटीत मखमलीवर वीतभरही लांब नसलेले दोन दांडे आणि दोन पट्ट्या होत्या. प्रमुख पाहुण्यांनी त्या बराच वेळ बघितल्या आणि मग वाफेच्या भवितव्यावर बोलले. फलक मी लिहिला. शंभर शब्द लागले नाहीत. शून्यावर शून्य जुळवून बारापर्यंत बघत जावे, एवढंच. फाउंड्रीतली जुनी माणसं पेटीपाशी येतात, बघतात, आणि आपापल्या खिशातली पट्टी चाचपतात, असं बसवंत सांगतो.

मी निपाणीत आहे. हवेत तंबाखू आहे. रविवारी सकाळी आठला फोन वाजतो. आप्पा हॅलो म्हणत नाहीत, त्यांनी फोन टेबलावर ठेवलेला असतो. आधी नुसती फुसफुस ऐकू येते. मग पहिला येतो. मी चहाचा कप खाली ठेवते आणि श्वास रोखून धरते, इतक्या वर्षांची सवय आहे ती. मग दुसरा येतो.